तळहाताचा फोड आणि त्यातले पाणी

१

एखाद्याला अतिशय काळजीने सांभाळले, तर ‘तळहाताच्या फोडासारखे जपले’ असे मराठीत म्हणतात. हा वाक्प्रचार आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की त्यातली उपमा किती विलक्षण आहे, हे सहसा ध्यानात येत नाही. ज्याच्यावर आपला जीव आहे त्याला फुलाची, रत्नाची किंवा डोळ्यातल्या बाहुलीची उपमा द्यावी, ही काव्याची मळलेली वाट. येथे मात्र जिवलगाला चक्क एका दुखण्याची उपमा दिलेली आहे. तेही शरीराच्या कोणत्याही भागावरचे दुखणे नव्हे. तळहाताशिवाय दिवसातले एकही काम होत नाही. म्हणून तेथला फोड जपायचा म्हणजे पाण्याचा तांब्या उचलताना, दाराची कडी काढताना, भाकरी थापताना, प्रत्येक क्षणी त्याची आठवण ठेवायची. या उपमेत सौंदर्य नाही, कौतुक नाही. आहे ती अखंड सावधानता. ज्या समाजाचे हात कामात होते, त्याच समाजाला ही उपमा सुचू शकते.

‘फोड’ हा शब्द संस्कृत ‘स्फोट’ या शब्दापासून आलेला आहे. फुटणे, उमलणे, फुगून वर येणे या साऱ्या अर्थच्छटा मूळ धातूत आहेत. भर्तृहरीने इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या सुमारास ‘वाक्यपदीया’त मांडलेला स्फोटसिद्धान्त साहित्याच्या विद्यार्थ्यांना परिचित असतो. क्रमाने उच्चारलेल्या ध्वनींतून अर्थ एकदम प्रकट होतो, त्या अखंड अर्थवाहक तत्त्वाला वैयाकरणांनी स्फोट म्हटले. त्याच शब्दाने आयुर्वेदाने अंगावर उठलेल्या फोडाचाही निर्देश केला. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात भाजण्याचे चार प्रकार सांगितले आहेत : प्लुष्ट, दुर्दग्ध, सम्यग्दग्ध आणि अतिदग्ध. त्यांपैकी दुर्दग्धाचे लक्षण म्हणून फोड येणे, तीव्र दाह आणि वेदना, आणि हे सारे फार सावकाश शमणे, असे वर्णन येते. आजचे डॉक्टर भाजण्याच्या ज्या पायरीला दुसऱ्या अंशाची म्हणतात, तिच्याशी हे वर्णन बरेच जुळते.

व्याकरणातला स्फोट काय प्रकट करतो, याविषयी आपल्याकडे शतकानुशतके वाद झाले. त्वचेवरचा स्फोट काय प्रकट करतो? त्या पातळ पापुद्र्याखाली साचलेले पाणी येते कोठून, ते चांगले की वाईट, आणि त्याचे करायचे काय? या प्रश्नांचाही इतिहास आहे, आणि तो वैद्यकाच्या इतिहासापुरता मर्यादित नाही. स्थूलमानाने पाहिले तर या पाण्याविषयी माणसाने तीन उत्तरे दिली. पहिले : ते बाहेर काढा. दुसरे : ते दुसऱ्याला द्या. तिसरे : ते जेथे आहे तेथे राहू द्या. आपल्या वाक्प्रचाराला जवळचे असलेले हे तिसरे उत्तर शास्त्राला सर्वांत उशिरा सापडले. आणि ते सापडल्यावरही सर्वांना सारखे लाभलेले नाही.

२

पहिल्या उत्तरामागे शरीराकडे पाहण्याची एक जुनी दृष्टी आहे. ग्रीक वैद्यकाच्या परंपरेत शरीर म्हणजे चार रसांचा तोल. हा तोल बिघडला की रोग, आणि जादा किंवा दूषित झालेला रस बाहेर काढला की आरोग्य. या दृष्टीने पाहिले तर फोडात साचलेले पाणी म्हणजे शरीराने काठावर आणून टाकलेली घाण होय. मग प्रश्न असा निर्माण झाला, की शरीर आपण होऊन फोड आणत नसेल तर तो मुद्दाम का आणू नये? आतला विकार त्वचेवर खेचून घ्यावा, फोड फुटला की विकार वाहून जाईल, अशी ही कल्पना होती.

यासाठी युरोपात एका हिरव्या चमकदार भुंगेऱ्याची पूड वापरत. व्यवहारात त्याला ‘स्पॅनिश माशी’ म्हणत, प्रत्यक्षात तो कीटक माशी नव्हे. त्याच्या पुडीचा लेप लावला की काही तासांत त्वचेवर टरारून फोड येतो. छातीत दुखले तर छातीवर, डोके दुखले तर मानेवर, असे हे लेप शतकानुशतके लावले गेले. १४ डिसेंबर १७९९ रोजी अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन घशाच्या विकाराने अंथरुणाला खिळले, तेव्हा त्यांच्या डॉक्टरांनी पुनःपुन्हा रक्त काढले, गळ्यावर या पुडीचा लेप लावला आणि संध्याकाळी पायांवरही फोड आणवले. त्याच रात्री ते वारले. त्या डॉक्टरांना अडाणी म्हणणे अन्यायाचे होईल. ते त्यांच्या काळातले उत्तम वैद्यकच करत होते. १८१० साली फ्रेंच रसायनतज्ज्ञ पिएर रोबिके यांनी या भुंगेऱ्यातले फोड आणणारे द्रव्य वेगळे केले. त्वचेतील पेशींना एकमेकींशी जखडून ठेवणारे दुवे ते सोडवते, हे पुढे कळले. २०२३ साली अमेरिकेत याच द्रव्याला लहान मुलांच्या त्वचेवरील एका विषाणुजन्य विकारासाठी औषध म्हणून मान्यता मिळाली. उपचार जुना, द्रव्य तेच. पण त्यामागची समजूत पूर्णपणे पालटलेली आहे. आज त्या फोडातून कोणी ‘दोष’ बाहेर काढत नाही, विषाणूने बाधलेली त्वचा तेवढी सुटी केली जाते.

आपल्याकडे या भुंगेऱ्याच्या जागी बिब्बा आहे. बिब्ब्याच्या कवचातले काळे तेल अंगाला लागले की त्वचा पोळते, फोड उठतात; त्याला आपण ‘बिब्बा उतला’ असे म्हणतो. पायात काटा मोडला, टाच दुखावली, तर बिब्ब्याचा चटका देण्याची रीत खेडोपाडी होती. याच तेलाने परीट कपड्यांवर खुणा करत. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकी सैनिकांच्या मानेवर आणि कमरेवर, नेमके कपड्यावरची खूण जेथे टेकते तेथे, फोड येऊ लागले. तेव्हा १९४३ मध्ये अमेरिकी डॉक्टरांनी त्यावर शोधनिबंध लिहिला आणि परटाच्या खुणेचा हा विकार वैद्यकीय वाङ्मयात दाखल झाला. मराठीने तर बिब्ब्यावरून वाक्प्रचारही घडवला : चांगल्या चाललेल्या कामात कोणी ‘बिब्बा घालतो’.

३

दुसरे उत्तर पहिल्याच्या अगदी उलट दिशेने जाते. फोडातले पाणी घाण नसून धन आहे, असे ते मानते. या उत्तराची साक्ष मराठीतल्या एका दोन अक्षरी शब्दात जपलेली आहे. तो शब्द म्हणजे ‘लस’.

आज लस म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर सुई आणि कुपी येते. परंतु खरजेतून, फोडातून किंवा चिघळलेल्या जखमेतून झिरपणाऱ्या पातळ द्रवालाही मराठीत लस म्हणतात. ‘जखमेतून लस वाहते’ हा प्रयोग अद्याप जिवंत आहे. एकाच शब्दाने किळसवाणा स्राव आणि प्राणरक्षक औषध या दोहोंचा बोध कसा व्हावा? याचे कारण इतिहासात आहे. प्रारंभीची लस खरोखरच फोडातले पाणी होती.

१४ मे १७९६ रोजी इंग्लंडमधील बर्कली या गावी एडवर्ड जेन्नर यांनी सेरा नेल्म्स नावाच्या गवळणीच्या हातावरील गोदेवीच्या फोडातला द्रव घेतला आणि आठ वर्षांच्या जेम्स फिप्स या मुलाच्या दंडात घातला. पुढे त्याच मुलाला खऱ्या देवीचा द्रव टोचला, तेव्हा त्याला देवी आल्या नाहीत. १७९८ साली जेन्नर यांनी आपले पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात सेराच्या हाताचे, त्यावरील फोडांसह काढलेले रंगीत चित्र आहे. जगातल्या पहिल्या लसीची जन्मभूमी म्हणजे दूध काढणाऱ्या एका स्त्रीचा हात.

या द्रवाची अडचण अशी, की तो टिकत नसे. दोऱ्यावर किंवा काचेवर वाळवून पाठवला तर उष्ण प्रदेशातल्या प्रवासात तो निकामी होई. मग तो जिवंत शरीरातूनच न्यावा लागला. एका मुलाला टोचायचे, सुमारे आठवड्याने फोड भरला की त्यातला द्रव दुसऱ्याला, मग तिसऱ्याला. कॉन्स्टँटिनोपल, बगदाद आणि बसरा या मार्गाने जहाजातून तो मुंबईला पोहोचला, आणि १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला हिंदुस्थानातली पहिली यशस्वी लस टोचली गेली. तिच्या दंडावरील फोडातून मुंबईतल्या दुसऱ्या मुलांना, आणि तेथून पुढे देशाच्या इतर भागांत हा द्रव गेला. आपल्या प्रदेशातील लसीकरणाच्या साऱ्या इतिहासाचा उगम त्या मुलीच्या दंडावरील एका फोडाशी पोहोचतो.

पुढच्याच वर्षी, ३० नोव्हेंबर १८०३ रोजी, स्पेनच्या ला कोरुन्या बंदरातून फ्रान्सिस्को हाविएर द बाल्मिस यांची मोहीम अमेरिकेतील स्पॅनिश वसाहतींकडे निघाली. जहाजावर बावीस मुले होती. अटलांटिक ओलांडेपर्यंत दर काही दिवसांनी दोन मुलांना टोचून फोडांची ही साखळी अखंड ठेवायची होती. मुलांनी फोड खाजवू नयेत, एकमेकांना चुकून संसर्ग देऊ नये, म्हणून अनाथाश्रमाच्या व्यवस्थापिका इसाबेल सेंदाल त्यांच्यासोबत होत्या. त्यांचा स्वतःचा मुलगाही या बावीस जणांत होता. तळहाताच्या फोडासारखे जपणे या शब्दप्रयोगाचा इतका शब्दशः आविष्कार इतिहासात क्वचितच सापडेल. मात्र येथे मुलासाठी फोड जपला जात नव्हता, फोडासाठी मूल जपले जात होते.

हा फरक लहान नाही. या मोहिमेसाठी निवडलेली मुले अनाथ होती, हा योगायोग नव्हे. इंग्लंडमध्ये लसीकरण सक्तीचे झाल्यावर टोचलेल्या बाळाला आठ दिवसांनी पुन्हा आणावे लागे, आणि १८७१ च्या कायद्याने त्याच्या फोडातून द्रव काढू न देणे दंडनीय ठरवले. सार्वजनिक लसीकरणाच्या केंद्रात येणारी बाळे बहुतांशी गरिबांची असत. अर्थात फोडही त्यांचेच वापरले जात. हिंदुस्थानात दुसऱ्या जातीच्या मुलाच्या अंगातले पाणी आपल्या मुलाच्या अंगात घालण्यास अनेकांचा विरोध होता. त्या विरोधात जातीचा अहंकार होता हे खरेच. पण दंडादंडातून चालणाऱ्या या पद्धतीने इतर रोग पसरण्याची भीतीही निराधार नव्हती. इंग्लंडने १८९८ च्या कायद्याने ही पद्धत बंद केली आणि वासराच्या अंगावर वाढवलेली लस रूढ झाली. भारतातील देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ साली आढळला आणि १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देवीचे जगातून उच्चाटन झाल्याचे जाहीर केले. फोड गेला, द्रव गेला. शब्द मात्र राहिला.

४

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. गोदेवीच्या फोडातले पाणी औषधी ठरले ते त्यातल्या विषाणूमुळे. कुदळीने किंवा चपलेच्या पट्ट्याने आलेल्या फोडात असे काहीही नसते. तरी दोन्ही ठिकाणी पाणी साचते. मग हे साधे पाणी म्हणजे नेमके काय?

याच्या उत्तराचा पाया १८९६ साली इंग्रज शरीरक्रियातज्ज्ञ अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी घातला. रक्ताच्या केशवाहिन्यांची भिंत म्हणजे जणू बारीक गाळणी. आतल्या दाबाने पाणी आणि क्षार बाहेर पाझरतात. मोठे प्रथिनकण बहुतांशी आत राहतात आणि पाण्याला आपल्याकडे धरून ठेवतात. या दोन ओढींच्या तोलावर ऊतींतला ओलावा अवलंबून असतो. त्वचेचे थर विलग होऊन मध्ये पोकळी झाली, की हा पाझर तिच्यात उतरतो. म्हणजे फोडातले पाणी हे आपलेच रक्त, तांबड्या पेशी मागे ठेवून आणि प्रथिने बरीचशी वगळून गाळलेले. म्हणून ते निवळ असते. खालची वाहिनीच फुटली तर ते लाल होते. गढूळ, पिवळट आणि दुर्गंधी झाले तर मात्र तो पू होय, त्यात जंतू शिरले आहेत असे समजावे.

पोकळी कशी होते, हे तर आणखी अर्थपूर्ण आहे. घर्षणाने आलेला फोड वरवर पाहता घासल्याने आला असे वाटते. वास्तविक वरचा थर एका दिशेने ओढला जातो आणि आतले हाड दुसऱ्या. या ओढाताणीत बाह्यत्वचेच्या मधल्या थरातील पेशी फाटतात. जेथे वरची शिंगासारखी चिवट त्वचा जाड आहे आणि खालच्या ऊतींना घट्ट बांधलेली आहे, तेथेच असा फोड धरतो. पातळ त्वचा नुसती सोलवटते. म्हणजे असा फोड हा मुख्यत्वे तळहाताचा आणि तळपायाचाच. मराठी वाक्प्रचाराने दंडाचा किंवा पाठीचा फोड न निवडता तळहाताचा निवडला, यामागे शरीरशास्त्र नसेल. पण निरीक्षण निश्चितच आहे.

विसाव्या शतकाच्या मध्यावर या क्षुल्लक दुखण्याचा पद्धतशीर अभ्यास झाला तो मुख्यतः सैन्यासाठी. फोड आलेला सैनिक चालू शकत नाही आणि चालू न शकणारी पलटण लढू शकत नाही. १९६६ साली अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञ मॅरियन सल्झबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वयंसेवकांच्या त्वचेवर यंत्राने घर्षण करून फोड आणवले. अशा अभ्यासांतून जे चित्र उभे राहिले ते असे. फोड आल्यानंतर साधारण सहा तासांत तळाच्या पेशी कामाला लागतात, नव्या पेशी घडवण्यासाठी लागणारी द्रव्ये ओढून घेऊ लागतात. चोवीस तासांनी पेशींचे विभाजन जोरात असते. अठ्ठेचाळीस तासांनी नवा कणमय थर दिसू लागतो. सुमारे एकशेवीस तासांनी, म्हणजे पाच दिवसांनी, वरचा चिवट थर पुन्हा तयार झालेला असतो. तोवर पाणी हळूहळू शरीरात परत शोषले गेलेले असते आणि जुना पापुद्रा सुकून आपोआप सुटतो. फाटलेला थर बाह्यत्वचेतच असल्याने मागे व्रणही राहत नाही.

हे सारे ज्या ओलाव्यात घडते त्याचे महत्त्वही याच काळात उमगले. जखम कोरडी ठेवावी, खपली धरू द्यावी, हा सर्वमान्य नियम होता. १९६२ साली जॉर्ज विंटर यांनी डुकराच्या त्वचेवर उथळ जखमा करून त्यांतल्या काही पॉलिथीनच्या पातळ पडद्याने झाकल्या, काही उघड्या ठेवल्या. झाकलेल्या, ओल्या राहिलेल्या जखमांवर नवी त्वचा जवळजवळ दुप्पट वेगाने पसरली. कोरड्या खपलीखाली नव्या पेशींना वाट काढत खोल उतरावे लागते. ओलाव्यात त्या सहज पुढे सरकतात. पुढच्याच वर्षी माणसांवरील प्रयोगात तसेच आढळले. विंटर यांनी पॉलिथीनने जे साधले, ते फोड आपल्या पापुद्र्याने आधीपासून साधत आला होता. ज्या पाण्याला शतकानुशतके विकार मानले, तो बरे होण्याचा परिसर निघाला.

पापुद्रा गेला तर काय होते, याचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. ३० जून १९२४ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष कॅल्विन कूलिज यांचा सोळा वर्षांचा मुलगा व्हाइट हाउसच्या मैदानावर मोजे न घालता टेनिस खेळला. पायाच्या बोटाला फोड आला, त्यात जंतू शिरले, रक्तात पसरले, आणि ७ जुलैला तो मुलगा वारला. पेनिसिलिनचा शोध लागायला अजून चार वर्षे होती. देशातली उत्तमोत्तम वैद्यकीय मदत दारात असताना एका फोडाने जीव घेतला. म्हणूनच आजही सल्ला असा, की लहान, न दुखणारा फोड तसाच राहू द्यावा. फार ताणलेला असेल तर स्वच्छ सुईने कडेला छिद्र करून पाणी जाऊ द्यावे, पण पापुद्रा काढू नये आणि वर स्वच्छ आच्छादन असावे. लांब चालणाऱ्यांमध्ये फोडातून सुईने दोरा ओवून ठेवण्याची रीत अनेक देशांत आहे. त्यातली अर्धी गोष्ट बरोबर आहे. पाणी निघते आणि पापुद्रा राहतो, हे चांगले. पण आत ठेवलेला दोरा जंतूंनाही वाट दाखवतो. भाजल्याने आलेल्या मोठ्या फोडांची बाब निराळी. तेथे इजा अधिक खोल असते आणि निर्णय डॉक्टरांचाच हवा. मधुमेहाने ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे, त्यांनी तर लहान फोडही घरी हाताळू नये.

५

या तिसऱ्या उत्तराचे सार एका शब्दात सांगायचे तर ते ‘जपा’ असे आहे, आणि तो शब्द आपल्या वाक्प्रचारात आधीपासूनच होता. यावरून आपल्या पूर्वजांना सारे ठाऊक होते, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होऊ शकतो. तो टाळावा. वाक्प्रचार सांगतो ते दुखण्याविषयी. पाण्याच्या घटकांविषयी किंवा पेशींच्या विभाजनाविषयी तो काहीही सांगत नाही. शिवाय ज्या समाजाने हा वाक्प्रचार घडवला, त्यानेच बिब्ब्याचे चटकेही दिले. भाषेतले शहाणपण आणि शास्त्राचे ज्ञान यांचा मार्ग कधी एकमेकांना छेदतो, इतकेच म्हणता येते.

परंतु वाक्प्रचारात एक गोष्ट आहे, जी शास्त्राच्या वर्णनात नाही. शास्त्र सांगते की फोड पाच दिवसांत भरून येतो. वाक्प्रचार विचारतो, तो जपणार कोण? फोड म्हणजे शरीराने केलेला रजेचा अर्ज आहे. हा अर्ज मंजूर होण्यासाठी दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे तो ऐकू येणे, आणि दुसरी म्हणजे काम थांबवता येणे.

ऐकू येण्याविषयी पॉल ब्रँड यांचे काम मोलाचे आहे. १९४६ पासून वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात काम करणाऱ्या या शल्यविशारदाने दाखवून दिले, की कुष्ठरोग्यांची बोटे रोगाने सडून झडत नाहीत. मज्जातंतू बधिर झाल्याने वेदना कळत नाही. चटका, टोचणी, फोड यांची जाणीव होत नाही. आणि त्याच हातापायावर पुन्हा पुन्हा भार पडून जखमा खोल होत जातात. आपण ज्याला दुखणे म्हणतो ते राखणदार आहे. तळहाताचा फोड जपला जातो तो दुखतो म्हणूनच. हजारो वर्षे ज्या विद्रूपतेला पापाचे फळ मानले, तिच्या मुळाशी न कळलेल्या लहानसहान जखमा होत्या, हे लक्षात आले तर भाषेतल्या कितीतरी शिव्या आपल्याला मागे घ्याव्या लागतील.

काम थांबवता येण्याचा प्रश्न याहून अवघड आहे, कारण त्यावर रुग्णालयात उपाय नाही. आषाढीच्या वारीत आळंदी-देहूहून पंढरपूरपर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटर चालणाऱ्या वारकऱ्यांचे पाय चेपणे, त्यांच्या चपला शिवून देणे ही सेवा मानली जाते. तेथे थकलेल्या पायांना समाजाचा हात मिळतो. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईकडे हजारो शेतकरी, त्यांत बहुसंख्य आदिवासी, सहा दिवस आणि सुमारे एकशेऐंशी किलोमीटर चालत आले. वनजमिनीचे हक्क आणि कर्जमाफी या त्यांच्या प्रमुख मागण्या होत्या. दहावीच्या परीक्षार्थींना त्रास होऊ नये म्हणून शेवटचा टप्पा ते रात्रीतून चालले आणि १२ मार्चच्या पहाटे आझाद मैदानावर पोहोचले. त्या मोर्चाची जी छायाचित्रे लोकांच्या लक्षात राहिली, ती फलकांची नव्हती, भाषणांची नव्हती. फोड फुटून सोललेल्या तळपायांची होती. मुंबईकरांनी त्यांना पाणी दिले, अन्न दिले, चपला दिल्या. नवा थर तयार व्हायला लागणारे पाच दिवस मात्र त्या पायांना चालण्यातच काढावे लागले होते.

आणि ज्यांची छायाचित्रे निघत नाहीत असेही तळहात आहेत. बाळंतिणीच्या लाडवात आपण गोडंबी घालतो. गोडंबी म्हणजे बिब्ब्याच्या आतला गर. तो काढण्यासाठी बिब्बे एकेक करून फोडावे लागतात, आणि हे काम करणाऱ्या विदर्भातील बायकांचे हात त्या काळ्या तेलाने पोळतात. जपण्यासाठी ज्या बाळाला तळहाताच्या फोडाची उपमा द्यायची, त्याच्या आईच्या लाडवातला गर कोणाच्या तरी तळहाताला खरोखरीचे फोड आणून आलेला असतो. येथे उपमा उरत नाही.

सतत तेच काम करणाऱ्या हाताला काही दिवसांनी फोड येत नाहीत, घट्टे पडतात. त्वचा जाड होते, दुखणे थांबते, आणि आपण म्हणतो, हात कामाला सरावला. शरीरशास्त्राच्या भाषेत ती जुळवणूक आहे. पण अर्ज करकरून रजा मिळाली नाही की अर्ज करणेच बंद होते, असेही तिचे वर्णन करता येईल. घट्ट्यावरून मराठीत प्रेमाचा वाक्प्रचार नाही. मुलाला जपताना आपल्याला आठवतो तो फोडच, ज्याला अजून दुखते आणि ज्याला पाच दिवसांची सवड मिळाली तर तो व्रणही न ठेवता भरून येतो.